विद्युतवाहनाचे स्वप्न : बंगळुरूची मोटार आणि फलटणची रिक्षा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

भारतातील विद्युतवाहनांचा इतिहास सांगताना बहुधा अलीकडच्या विजेवरच्या स्कूटरींपासून सुरुवात केली जाते. फार तर कोणी बंगळुरूच्या रेवा मोटारीपर्यंत मागे जातो. साधारण त्याच काळात सातारा जिल्ह्यातील फलटण येथे विजेवर चालणारी रिक्षा तयार झाली होती, हे मात्र मराठी वाचकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. या दोन्ही प्रयत्नांमागे अमेरिकेत शिकून भारतात परतलेले अभियंते होते. दोघांच्याही हाती त्या काळची जड शिशाची बॅटरीच होती. दोघांनी निवडलेली वाहने मात्र समाजाच्या दोन टोकांची होती. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: ज्या देशात बहुसंख्य लोक स्वतःच्या मोटारीतून प्रवास करत नाहीत, तिथे विजेच्या वाहनाचे स्वप्न पाहणाऱ्या अभियंत्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय मोटर किंवा बॅटरी यांविषयीचा नसतो. वाहन कोणाच्या हाती जाणार आणि बॅटरीचे पैसे कोण भरणार, हा तो निर्णय असतो.

चेतन मैनी हे बंगळुरूच्या एका उद्योजक कुटुंबातील. मिशिगन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकत असताना ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या सौरमोटार संघात होते. ‘सनरनर’ नावाच्या त्या मोटारीने १९९० च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा ते मिशिगन ही जनरल मोटर्सने भरवलेली शर्यत जिंकली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील डार्विन ते ॲडलेड या सुमारे ३,००० किलोमीटरच्या शर्यतीत, बील येथील स्विस अभियांत्रिकी विद्यालय आणि होंडा यांच्या पाठोपाठ, तिसरा क्रमांक मिळवला. सौरमोटारीवर काम करणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागते, कारण सौरपट्ट्यांतून मिळणारी शक्ती इतकी तुटपुंजी असते की प्रत्येक किलो वजनाचा, टायरच्या घर्षणाचा आणि हवेच्या अडथळ्याचा हिशेब वॅटमध्ये मांडावा लागतो. पुढे स्टॅनफर्डमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊन आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन या कंपनीत विद्युतवाहनांवर काम करून ते परतले. १९९४ मध्ये मैनी समूह आणि अमेरिगॉन यांच्या भागीदारीतून रेवा कंपनी स्थापन झाली आणि २००१ मध्ये मोटार बंगळुरूत विक्रीला आली. तेव्हा मैनी यांनी नुकतीच तिशी ओलांडली होती.

रेवाची रचना त्या सौरमोटारीच्या शिस्तीतून आलेली दिसते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर प्लास्टिकचे बाह्यांग, दोन दरवाजे, पुढे दोन मोठी माणसे आणि मागे दोन मुले एवढीच जागा. आसनांखाली ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या, म्हणजे ४८ व्होल्ट आणि सुमारे ९.६ युनिट वीज. कंपनीने सांगितलेला पल्ला ८० किलोमीटरचा होता. म्हणजे एका किलोमीटरला बॅटरीतील जेमतेम १२० वॅट-तास खर्च होत. शिसे-आम्ल बॅटरी एका किलोला तीस-चाळीस वॅट-तासांच्या पलीकडे ऊर्जा साठवत नाही, हे ध्यानात घेतले तर पाव टनाहून अधिक वजनाचा बॅटरीसंच वाहूनही इतक्या कमी खर्चात चालणारी मोटार बनवणे हे उत्तम अभियांत्रिकीचे काम होते. ती घरच्या १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर चार्ज होई. असे असूनही पहिल्या दशकभरात जगभर मिळून सुमारे चार हजार गाड्याच विकल्या गेल्या, आणि त्यांतील मोठा वाटा लंडनने उचलला, जिथे ‘जी-विझ’ नावाने विकल्या जाणाऱ्या या गाडीला शहराच्या मध्यभागी लागणारे गर्दीशुल्क माफ होते. आपल्याकडे मात्र तिची तुलना तिच्याहून स्वस्त असलेल्या आणि पाच माणसे बसवून परगावी नेणाऱ्या मारुती ८०० शी झाली, आणि त्या तुलनेत तिचा टिकाव लागणे कठीण होते.

आता फलटणकडे वळतो. अनिल राजवंशी हे मूळचे लखनौचे. आयआयटी कानपूरमध्ये शिकून त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठातून सौरऊर्जेच्या विषयात पीएच.डी. केली, काही काळ तिथेच शिकवले, आणि १९८१ मध्ये बनविहारी निंबकरांनी स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत ते दाखल झाले. नव्वदच्या दशकात त्यांनी सायकलरिक्षाचा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या पद्धतीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की त्यांनी सुरुवात मोटरीपासून केली नाही. आधी नुसत्या पायडलच्या रिक्षाचा सांगाडा, वजन आणि गिअर सुधारले, मग पायडलला साहाय्य करणारी लहान मोटर बसवलेली रिक्षा केली, आणि त्यानंतर संपूर्ण विजेवर चालणारी ‘इलेक्षा’ तयार केली. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी या कामावर लेख लिहिला, त्यात देशातील सायकलरिक्षांची संख्या सुमारे २० लाख धरली आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोटरीची गरज नेमकी कुठे पडते, याचे गणित कोणीही करून पाहू शकेल. निरोगी माणूस दीर्घकाळ पायडल मारून साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो. रिक्षा, चालक आणि दोन प्रवासी मिळून २५० किलो वजन धरले, आणि ३ टक्के चढावर ताशी सात किलोमीटर वेगाने जायचे म्हटले, तर केवळ चढ चढण्यासाठी सुमारे १४५ वॅट लागतात, घर्षण वेगळे. म्हणजे आपल्याला चढ म्हणून जाणवतही नाही अशा उड्डाणपुलाच्या वाटेवर रिक्षाचालकाला खाली उतरून रिक्षा ओढावी लागते. तिथे दोन-अडीचशे वॅटची मोटर आणि एक लहान बॅटरी माणसाच्या छातीवरचा सगळा भार हलका करते. तेवढीच बॅटरी मोटारीला जेमतेम काही किलोमीटर नेईल.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. २०१० नंतर दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमध्ये चिनी सुट्या भागांपासून जोडलेल्या ई-रिक्षा लाखांनी रस्त्यावर आल्या. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीत त्या बंद केल्या, आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून त्यांना मान्यता द्यावी लागली. भारतात सर्वसामान्यांनी मोठ्या संख्येने वापरलेले पहिले विद्युतवाहन तेच होते. फलटणची दिशा बरोबर होती, असे मी म्हणतो ते या आधारावर. आपणा सर्वांची मते जाणून घ्यायला आवडेल, विशेषतः या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची.

विद्युतमित्र

अतिशय अभ्यासपूर्ण धागा आहे. फलटणच्या कामाची एवढी सविस्तर दखल मराठीत घेतली गेलेली मी पाहिली नव्हती. तरीही रेवाविषयी आपला निष्कर्ष मला अपुरा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ई-रिक्षा लाखांनी आल्या हे खरे, पण त्या आल्या म्हणून या देशाला विद्युतवाहन बनवता येऊ लागले असे झाले नाही. मोटर, कंट्रोलर, चार्जर सगळे पेट्यांतून येत होते आणि इथे फक्त जोडणी होत होती. रेवाच्या माणसांनी उलट बॅटरीव्यवस्थापन, मोटरीचे नियंत्रण आणि ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत घेण्याची व्यवस्था यांवर बंगळुरूत बसून काम केले. पुढे त्यांनी एकदिश (डीसी) मोटरीच्या जागी प्रत्यावर्ती (एसी) मोटर आणली आणि २००९ मध्ये लिथियम बॅटरीचे रूपही काढले. मे २०१० मध्ये महिंद्राने कंपनीतील ५५.२ टक्के वाटा घेतला तो काही चार हजार गाड्यांच्या खपासाठी घेतला नसणार. ते ज्ञान आणि ती माणसे यांचे ते मोल होते. मार्च २०१३ मध्ये आलेली ई२ओ ही विजेवरची मोटार त्यातूनच निघाली.

दुसरा मुद्दा धोरणाचा. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने विद्युतवाहनांना अनुदान सुरू केले, मोटारीसाठी कमाल एक लाख रुपयांपर्यंत, आणि ३१ मार्च २०१२ रोजी ती योजना संपली. जानेवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय विद्युतवाहन अभियानाचा आराखडा जाहीर झाला, ज्यात २०२० पर्यंत ६० ते ७० लाख वाहनांचे उद्दिष्ट होते. पण प्रत्यक्ष पैसे देणारी ‘फेम’ योजना यायला एप्रिल २०१५ उजाडले. म्हणजे ई२ओ बाजारात आली ती नेमकी या तीन वर्षांच्या कोरड्या काळात. कारखाना काढणाऱ्याला सवलत थोडी कमी मिळाली तरी चालते, ती आज आहे आणि उद्या नाही हे चालत नाही, कारण साचे, पुरवठादार आणि माणसे यांवरचा खर्च आधी करावा लागतो आणि गाड्या विकल्या जातात त्यानंतर काही वर्षांनी. मोटार हे वाहन चुकीचे होते की काळ प्रतिकूल होता, हे या अनुभवावरून ठामपणे सांगता येणार नाही.

आणि आपण एक गोष्ट लिहायची राहिली आहे. २०१७ मध्ये मैनी यांनी सन मोबिलिटी ही कंपनी सुरू करण्यात पुढाकार घेतला. ती मोटारी बनवत नाही. तीनचाकी, दुचाकी आणि बस यांच्यासाठी अदलाबदल करता येणाऱ्या बॅटऱ्या आणि त्या बदलण्याची स्थानके ती उभारते. आपण ज्याला वाहनाची निवड म्हणता ती निवड पहिल्या अभियंत्यानेही अखेरीस बदलली, असे त्यावरून म्हणता येईल. मला त्यात पराभव दिसत नाही. वीस वर्षे एका प्रश्नाशी झुंजल्यावर प्रश्न नेमका कुठे आहे हे कळले, आणि तो बॅटरीच्या किमतीत आहे असे त्यांनी ठरवले.

तळटीप

ई-रिक्षा लाखांनी आल्या याचा आनंद मानताना त्यांच्या बॅटऱ्यांची स्थितीही पाहावी, असे मी सुचवीन. मी विदर्भात बॅटरीच्या व्यवसायात आहे आणि हा विषय रोजचा आहे.

ई-रिक्षात सर्वसाधारणपणे १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. रोज संध्याकाळपर्यंत त्या तळापर्यंत उतरवल्या जातात, कारण शेवटच्या दोन फेऱ्यांचे भाडे चालकाला सोडवत नाही. बॅटरी अशी उतरलेल्या स्थितीत राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. त्यात चार्जर स्वस्तातला असेल तर तो पूर्ण चार्ज झाल्यावरही प्रवाह तोडत नाही, बॅटरीतील पाणी वायू होऊन उडते, आणि उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरच्या तापमानात हे सगळे दुप्पट वेगाने होते. मग वर्षभरात, कधी त्याआधीच, बॅटरी बसते. चालकाजवळ एकरकमी पैसे नसतात, तो उधारीवर नवा संच घेतो, आणि त्या उधारीचा हप्ता हाच त्याच्या धंद्यातील सर्वांत मोठा खर्च होऊन बसतो. विजेचे बिल त्यापुढे किरकोळ असते.

जुन्या बॅटरीला मोडीत चांगला भाव येतो, त्यामुळे ती उकिरड्यावर सहसा पडत नाही. पण ती कुठे वितळवली जाते हा प्रश्न उरतोच. परवानाधारक कारखान्यात गेली तर ठीक, गावाबाहेरच्या उघड्या भट्टीत गेली तर शिशाचा धूर आणि राख आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. विजेच्या वाहनाला स्वच्छ म्हणताना हा भाग हिशेबात धरायलाच हवा.

म्हणून धागाकर्त्यांच्या सूत्राचा दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बॅटरीचे पैसे कोण भरणार, आणि ती खराब झाल्याचा तोटा कोण सोसणार?

बागमती

मी नोकरीनिमित्त काही वर्षे काठमांडूत होते. या चर्चेत नेपाळचा उल्लेख यायलाच हवा, कारण आपल्या शेजारी हा प्रयोग आपल्या आधी आणि अधिक मोठ्या प्रमाणावर झालेला आहे.

काठमांडूचे खोरे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने धूर तिथेच कोंडतो. आपल्याकडे लखनौला बनणारे डिझेलचे विक्रम टेम्पो तिथे नव्वदच्या दशकात प्रवासी वाहतूक करत आणि त्यांच्या काळ्या धुराने लोक त्रस्त होते. १९९३ च्या सुमारास अमेरिकी साहाय्याने, ग्लोबल रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या पुढाकाराने, अशा टेम्पोचे इंजिन काढून तिथे मोटर आणि बॅटरी बसवण्याचा प्रयोग झाला. त्यातून ‘सफा टेम्पो’ जन्मला. नेपाळीत सफा म्हणजे स्वच्छ. १९९९ मध्ये सरकारने खोऱ्यातून डिझेलचे तीनचाकी टेम्पो हटवले आणि सफा टेम्पोंची संख्या सहाशेच्या पुढे गेली. यांतील अनेक टेम्पो स्त्रिया चालवतात. सकाळी निघालेला टेम्पो दुपारी चार्जिंग स्थानकात येतो, बॅटऱ्यांचा उतरलेला संच ट्रॉलीवर सरकवून बाहेर काढतात, भरलेला आत सरकवतात, आणि टेम्पो पुन्हा मार्गावर जातो. आज ज्याला आपण बॅटरी अदलाबदल म्हणून नवी कल्पना समजतो ती काठमांडूत पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललेली आहे.

मग तो प्रयोग वाढला का नाही? डिझेल टेम्पो गेले, पण त्यांच्या मालकांना पेट्रोल आणि गॅसवर चालणाऱ्या मायक्रोबस आणण्यासाठी करसवलती मिळाल्या, आणि त्याच मार्गांवर अधिक वेगाने धावणाऱ्या त्या गाड्यांनी सफा टेम्पोंना मागे सारले. तंत्र बिघडले नव्हते, शेजारच्या वाहनाला मिळालेली सवलत त्याच्या मुळावर आली. विद्युतमित्र यांनी कोरड्या काळाचा मुद्दा मांडला आहे, त्याला हे उदाहरण जोडावे.

आता चित्र पुन्हा पालटले आहे. नेपाळजवळ तेलाची विहीर नाही, जलविद्युत भरपूर आहे, आणि २०१५ मध्ये सीमेवरची वाहतूक अडल्यावर पेट्रोलविना देश कसा थांबतो हे त्यांनी अनुभवले. पेट्रोलच्या मोटारींवर भारी कर आणि विजेच्या मोटारींवर त्या मानाने हलका कर, असे धोरण काही वर्षे टिकले, तेव्हा नव्याने आयात होणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक विजेवरच्या झाल्या. पण या मोटारी मुख्यतः चीन आणि भारत इथून येतात. सफा टेम्पो काठमांडूतील कार्यशाळांत बनत होते, त्यांची दुरुस्ती करणारी एक पिढी तिथे तयार झाली होती. संख्या वाढली आणि ते कारागीर मात्र बाजूला पडले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

घाटवाट

नेरळ-कर्जत परिसरातील वाचक म्हणून माथेरानचे उदाहरण नोंदवतो, कारण धागाकर्त्यांनी चढाचे जे गणित मांडले आहे ते तिथे प्रत्यक्ष पायांनी चालताना दिसत असे.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापुढे घोडा, पायी किंवा माणसाने ओढायची हातरिक्षा असे. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून २००३ मध्ये तिथे कडक निर्बंध आले, आणि त्या निर्बंधांच्या आड माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत आणखी दोन दशके चालू राहिली. तांबड्या मातीच्या चढावर एक पुढून ओढत असे आणि एक-दोघे मागून ढकलत. हातरिक्षा चालवणाऱ्यांनीच वर्षानुवर्षे ई-रिक्षाची मागणी लावून धरली, सर्वोच्च न्यायालयाने चाचणीला परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या ई-रिक्षा तिथे धावल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत पूर्ण बंद करण्याचा आदेश दिला. त्या आदेशातील एक भाग या चर्चेला थेट लागू पडतो. परवानाधारक ९४ हातरिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन ई-रिक्षा देऊन करावे आणि त्यासाठी गुजरातमधील केवडिया येथे राबवलेल्या, ई-रिक्षा भाड्याने चालवायला देण्याच्या योजनेचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे वाहन कोणाच्या हाती आणि खर्च कोणाचा, हे दोन्ही प्रश्न न्यायालयाने तंत्रज्ञानाच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे मानले.

दुसरीकडे राज्याचे २०२५ चे विद्युतवाहन धोरण पाहा. दुचाकी आणि तीनचाकींना त्यात अनुदान आहे, ते योग्यच आहे. पण ज्या सवलतीची सर्वाधिक चर्चा झाली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवरील पथकरमाफीची होती. तीनही मार्गांवर दुचाकी आणि रिक्षा यांना मुळात प्रवेशच नाही. विजेवरच्या बसचालकांना त्याचा लाभ होईल हे मान्य, तरी खासगी मोटारधारकाला दिलेल्या या पैशांतून किती रिक्षाचालकांच्या बॅटऱ्या बदलता आल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

नवी_पालवी

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन दोन वर्षांपासून चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. माझे गाव फलटणपासून फार दूर नाही, आणि हा धागा वाचेपर्यंत तिथे हे काम झाल्याचे मला माहीत नव्हते, याची खंत वाटली.

माझ्या मनात बऱ्याच दिवसांपासून एक कल्पना आहे. आमच्या भागात पहाटे दूध संकलन केंद्रापर्यंत दूध नेण्यासाठी आणि दिवसा भाजीपाला आठवडी बाजारात नेण्यासाठी डिझेलचे लहान तीनचाकी टेम्पो वापरले जातात. अंतरे ठरलेली असतात, दिवसाचा मोठा भाग वाहन उभे असते, आणि अनेक शेतकऱ्यांनी शेतात सौरपंप बसवलेले आहेत. असे वाहन विजेवर करावे असे माझे स्वप्न आहे. इथले अनुभवी सदस्य मला सांगू शकतील का, की मी सुरुवात कुठून करावी? सुरुवातीला जुन्या टेम्पोचे रूपांतर करावे की नवीन वाहनाची रचना करावी, हे मला ठरवता येत नाही.

विद्युतमित्र

नवी_पालवी, आपण निवडलेले वाहन मला फार योग्य वाटते, कारण ठरलेले अंतर हीच विद्युतवाहनाची सर्वांत सोयीची परिस्थिती असते.

नियमांविषयी काही सांगतो. रस्त्यावर विक्रीसाठी आणायच्या वाहनाला किंवा रूपांतरसंचाला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. आपल्याला पुण्याची एआरएआय जवळ आहे. त्या चाचण्यांचा खर्च एका व्यक्तीला पेलणारा नसतो, म्हणून पहिले वाहन संशोधनासाठी, स्वतःच्या आवारात चालवून पाहावे. बॅटरी वेगळी ठेवून वाहन विकायचा विचार असेल तर ऑगस्ट २०२० पासून केंद्राने बॅटरीविना वाहनाची नोंदणी करायला मुभा दिली आहे. पण कर पाहा: बॅटरीसह विद्युतवाहनावर वस्तू व सेवा कर ५ टक्के, आणि तीच लिथियम बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. बॅटरीच्या मालकीचा भार चालकावरून काढण्याचा जो मार्ग तळटीप यांच्या प्रश्नाचे उत्तर ठरू शकेल, त्याच मार्गावर कर अधिक आहे. निती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यातही ही तफावत दूर करण्याची सूचना होती.

सौरपंपाविषयी एक सावधगिरीची सूचना. पंपाच्या पट्ट्यांची वीज दिवसा उपलब्ध असते आणि आपला दुधाचा टेम्पो पहाटे निघतो. भाजीच्या फेऱ्या दुपारी संपत असतील तर तेव्हापासून संध्याकाळपर्यंत चार्जिंग होऊ शकेल. पण पिकाला पाणी देण्याच्या दिवसांत ती वीज पंपाला हवी असेल. हे वेळापत्रक कागदावर मांडल्याशिवाय सौर चार्जरवर पैसे घालू नयेत.

तळटीप

शिसे-आम्ल बॅटरी केवळ स्वस्त म्हणून निवडू नका, एवढेच कळकळीने सांगेन. दूध वेळेवर पोचले नाही तर नासते, आणि बसत आलेली बॅटरी आज किती अंतर नेईल हे चालकाला सकाळी कळत नाही. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी आरंभी महाग पडते, पण दोन-तीन हजार वेळा चार्ज होऊ शकते आणि उष्णतेला इतर लिथियम प्रकारांपेक्षा बरी टिकते. तिच्यासोबत प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी चांगल्या दर्जाची नियंत्रणव्यवस्था घ्या. त्या पेटीतील दोन हजार रुपये वाचवायला जाऊन पूर्ण संच गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. विद्युतमित्र यांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: फलटणच्या प्रयत्नाला रेवासारखी कारखान्याची आणि पुरवठादारांची साथ मिळाली असती, तर ई-रिक्षाचे भाग पेट्यांतून येण्याची वेळ कदाचित आली नसती. योग्य वाहन निवडणे पुरेसे नव्हते, हे बागमती यांच्या सफा टेम्पोच्या हकिकतीवरूनही दिसते. मोटार ही सुरुवातीची योग्य जागा होती असे मात्र मला अजूनही वाटत नाही.

नवी_पालवी, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. रूपांतर की नवी रचना हा निर्णय आज घेऊच नका. राजवंशी यांनी मोटरीआधी रिक्षाचा सांगाडा आणि गिअर अभ्यासले, तसे तुम्ही आधी चालू टेम्पो अभ्यासा. गावातील तीन-चार टेम्पोचालकांना विश्वासात घ्या आणि महिनाभर प्रत्येक फेरीचे अंतर, भरलेले वजन, वाटेतील चढ आणि गाडी उभी राहण्याच्या वेळा लिहून ठेवा. चढाची उंची मोबाइलवरही पुरेशी अचूक मिळते. डिझेलवर, तेलपाण्यावर आणि दुरुस्तीवर चालकाचे महिन्याला किती जातात ते विचारा, आणि तो एकावेळी किती रक्कम उभी करू शकतो हेही संकोच न करता विचारा, कारण बॅटरी चालकाची असावी, दूध संस्थेची असावी की तिसऱ्याच कोणाची, हे त्या उत्तरावर ठरेल. दूध संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी याच टप्प्यावर बोलावे असे मी म्हणेन. संस्थेकडे वीजजोडणी असते, जागा असते आणि दर दहा दिवसांनी होणाऱ्या बिलातून हप्ता कापून घेण्याची सोयही असते. फलटणला जाऊन निंबकर संस्थेत त्या जुन्या रिक्षांविषयी विचारपूस करणेही तुम्हाला अवघड नाही.

नोंदी हाती आल्या की त्या या धाग्यावर द्या. वजन, अंतर आणि चढ कळले म्हणजे बॅटरी किती युनिटची लागेल याचे गणित इथे मिळून करता येईल, आणि कोणत्या सेलचा संच घ्यावा हे तळटीप सांगू शकतील.